एक माणूस, दोन गाठी

अंगावर गाठ आली की आपण काय करतो? दुखली, तर दवाखान्यात जातो. दुखली नाही, तर सोडून देतो. “दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला दाखवायची?” असे म्हणतो.

पण न दुखणारी गाठही कधी कधी घात करते. आणि एका माणसाला दोन गाठी असल्या, तर त्या दोन्ही एकाच रोगाच्या असतात असेही नाही. हे नीट समजावे म्हणून या धड्यात एका आबांची गोष्ट सांगितली आहे. गोष्ट शिकण्यासाठी रचलेली आहे. पण तिच्यातले रोग खरे आहेत. त्यांवरचे इलाजही खरे आहेत.

१. आबांची गाठ

आबा साठीला आलेले शेतकरी. चार एकर जिराईत रान, दोन बैल, एक म्हैस. अंगाने काटक. दवाखान्याची पायरी त्यांना ठाऊक नव्हती.

पोळ्याच्या दिवशी बैल धुताना त्यांचा हात मांडीला लागला. गुडघ्याच्या वर चार बोटे एक गाठ होती. आवळ्याएवढी. दुखत नव्हती. आबांनी मनात म्हटले, चरबीची गाठ असेल. त्यांनी ती फक्त बायकोला दाखवली. त्यांच्या बायकोला सारे गाव मावशी म्हणते.

संक्रांत झाली. आबांच्या गळ्याला, कानाच्या खाली, दुसरी गाठ आली. मग तिच्या शेजारी आणखी दोन आल्या. संध्याकाळी अंगात कसकस येऊ लागली. रात्री घाम इतका येई, की सकाळी वाकळ ओली लागे. सदरा ढगळ झाला. अन्नावरची वासना उडाली.

घरी सल्ला द्यायला माणसे आली. एक म्हणाला, “ही गंडमाळ हाय. झाडपाल्याचा लेप लावा.” दुसरा म्हणाला, “डाग द्या, बसंल.” तिसरा म्हणाला, “चोळा जरा, विरंल.” या सल्ल्यांत दोन महिने गेले.

शेवटी गावच्या आशाताई घरी आल्या. त्यांनी गळा पाहिला. “आबा, तीन आठवड्यांवर राहिलेली गाठ घरी ठेवायची नसते. उद्या माझ्यासंगं चला,” असे म्हणून त्या आबांना घेऊन गेल्या. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांनी गळ्यातली एक गाठ काढून तपासायला पाठवली. कागद आला. क्षय नव्हता. लिंफोमा नावाचा कर्करोग होता.

पुढचे इलाज शहरातल्या मोठ्या इस्पितळात सुरू झाले. तिथे डॉक्टरांनी विचारले, “आबा, आणखी कुठे गाठ आहे का?”

आबा लाजले. धोतर वर करून मांडी दाखवायची त्यांना शरम वाटली. शिवाय ती गाठ जुनी. तिचा याच्याशी काय संबंध? ते म्हणाले, “बाकी काय न्हाई.”

यंत्राने अंगाचा मोठा फोटो काढला. तो डोक्याच्या बुडापासून मांडीच्या मध्यापर्यंत होता. मांडीची गाठ त्याच्या खाली राहिली.

२. मावशीची वही

मावशी गावच्या रात्रीच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. अक्षर वाकडे, पण वाचता येणारे. आबांना पहिली सलाईन लागली, त्या दिवशी त्यांनी नातवाची एक जुनी वही घेतली. घरी त्या दोऱ्याने गाठ मापत. मग दोरा नातवाच्या पट्टीवर धरून आकडा लिहीत. वहीत असे लिहिले होते :

५ एप्रिल. गळा ४. मांडी ६.
२६ एप्रिल. गळा २. मांडी ७.
१७ मे. गळा हाताला लागत नाही. मांडी ८.

हे आकडे सेंटीमीटरचे. औषध दर एकवीस दिवसांनी होते.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर खूश होते. “आबा, गळ्याच्या गाठी विरल्या. औषध छान लागू पडलं.”

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “डाक्तरसाहेब, येक इचारू का?”

आबा म्हणाले, “अगं, गप बस. त्यास्नी कामं हायती.”

“आवं, मला इचारू तर द्या.” मावशींनी वही उघडून टेबलावर ठेवली. “औषध येकच हाय. मग गळा कमी हुतोय, आन् मांडी का वाढतीय?”

डॉक्टरांनी वही वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “कसली मांडी? आबा, झोपा. मांडी दाखवा.”

गाठ आता संत्र्याएवढी झाली होती. कडक होती. खोल मांसात रुतलेली होती. दाबली तरी हलत नव्हती.

डॉक्टर मावशींना म्हणाले, “मावशी, हा प्रश्न तुम्ही विचारला ते बरं झालं. याचं उत्तर मी तोंडाने देणार नाही. तुकडा तपासून देईन.”

३. हरळी की लव्हाळा?

मांडीचा आतला फोटो काढला. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा घेतला. पुष्कळ लोक म्हणतात, सुई लावली की कर्करोग पसरतो. हे भय धरून बसू नये. जाणत्या डॉक्टरांनी जागा नीट पाहून तुकडा घेतला, तर रोग पसरण्याची भीती फार थोडी असते. तुकडा न घेता चुकीचा इलाज होण्याची भीती मात्र मोठी असते.

तुकड्याचा कागद यायला दिवस लागले. तुकड्याला निरनिराळे रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. कोणती पेशी कोणत्या जातीची, ते त्या रंगांवरून ओळखतात.

कागद आला. मांडीच्या गाठीत लिंफोमा नव्हता. तिथे सार्कोमा नावाचा दुसराच कर्करोग होता.

मुलगा रडवेला झाला. “म्हंजी रोग गळ्यातनं मांडीत उतरला का?”

डॉक्टर म्हणाले, “नाही. उतरला असता, तर मांडीतही गळ्याचाच रोग दिसला असता. हा त्याचा भाऊ नाही, पोरगाही नाही. हा वेगळ्या घरचा आहे.”

आबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “हरळी आन् लव्हाळ्यागत.”

“ते कसं?” डॉक्टरांनी विचारले.

“रानाच्या या टोकाला हरळी हाय. त्या टोकालाबी हिरवं दिसतंय. लांबून वाटतंय, हरळीच पसरली. पर उपटून बघाय पायजे. मुळाला लांब काशा असल्या, तर हरळी. मुळाला बारकी गाठ असली, तर लव्हाळा. वरनं दोन्ही गवातच.”

डॉक्टर हसले. “आबा, आम्हाला हेच शिकायला वर्षं लागतात. तुकडा तपासणं म्हणजे उपटून मूळ बघणं.”

१९३२ साली अमेरिकेत वॉरेन आणि गेट्स या दोन डॉक्टरांनी याबद्दल तीन नियम सांगितले. ते आजही शिकवतात. एका माणसाला दोन कर्करोग झाले, असे केव्हा म्हणावे? पहिला नियम : दोन्ही गाठी कर्करोगाच्याच असल्या पाहिजेत. दुसरा : दोन्ही एकमेकींहून वेगळ्या असल्या पाहिजेत. तिसरा : एक गाठ दुसरीच्या पसरण्यातून आलेली नसावी. तिन्ही जुळले, तरच दोन रोग म्हणायचे.

४. हे दोन रोग कोणते?

आपले अंग लहान लहान पेशींचे बनलेले आहे. पेशी जुन्या होतात, मरतात, नव्या येतात. हे काम शिस्तीने चालते. एखादी पेशी शिस्त मोडते आणि अमर्याद वाढू लागते. तिची गाठ होते. ती आजूबाजूला घुसते, लांबही जाते. यालाच कर्करोग म्हणतात. कर्करोग एक नाही. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. जात ज्या पेशीची, तसा रोग.

लिंफोमा : पायाला काटा लागून पिकला, की जांघेत अवधाण येते. हे सर्वांना माहीत आहे. अवधाण म्हणजे काय? अंगात शेकडो बारीक ग्रंथी आहेत. गळ्यात, काखेत, जांघेत, पोटात, छातीत. त्या अंगाच्या चौक्या आहेत. रोगजंतू आले की तिथले शिपाई लढतात, म्हणून चौकी सुजते. जखम बरी झाली की अवधाण बसते. लिंफोमात चौकीतले शिपाईच बिघडतात आणि वाढत सुटतात. मग गाठ बसत नाही. बहुधा दुखतही नाही. ताप, रात्रीचा घाम आणि वजन उतरणे ही त्याची खूण असू शकते. लंडनच्या गायज हॉस्पिटलातले थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथींच्या रोगाचे वर्णन लिहिले. म्हणून लिंफोमाच्या एका जातीला त्यांचे नाव आहे.

सार्कोमा : मांस, चरबी, शिरा, नसांचे वेष्टण, स्नायूंना बांधणारे धागे, यांच्या पेशींतून हा रोग उठतो. हाता-पायांत जास्त दिसतो. मांडीत तर फारच. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत सार्कोमा एखादाच. तो पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. म्हणून छातीचा फोटो काढतात.

लिंफोमा काही फार नेहमीचा नव्हे. सार्कोमा त्याहून विरळा. दोन्ही एका माणसाला एकाच वेळी होणे हे फारच विरळा. म्हणूनच ते चुकते. डॉक्टरलाही पहिल्यांदा वाटते, की दुसरी गाठ पहिलीचीच असेल.

५. असे का होते?

आबांनी विचारले, “डाक्तर, म्या काय पाप केलं हुतं?”

डॉक्टर म्हणाले, “आबा, हा पापाचा हिशेब नाही. करणी नाही. कुणाची दृष्ट नाही. आणि हा शिवाशिवीने लागत नाही. एका ताटात जेवा, नातवाला मांडीवर घ्या.”

मग दोन रोग एकत्र का येतात? कधी तो नुसता योगायोग असतो. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. पण चार गोष्टी डॉक्टर विचारून घेतात.

एक, वय. वय वाढते तशा पेशी चुका जास्त करतात.

दोन, आधीचे इलाज. पूर्वी कर्करोगासाठी किरण दिले असतील, तर पुष्कळ वर्षांनी त्या जागी सार्कोमा होऊ शकतो. असे क्वचित होते. म्हणून किरणांना भिऊन इलाज सोडू नये. पण जुना इलाज नव्या डॉक्टरला सांगावा.

तीन, अंगाची लढण्याची ताकद घटणे. एच. आय. व्ही. च्या रोग्यांत लिंफोमा आणि कापोसी नावाचा सार्कोमा हे दोन्ही दिसतात. म्हणून रक्त तपासतात.

चार, घराणे. १९६९ साली ली आणि फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी काही घराणी दाखवून दिली. त्यांत लहान मुलांना सार्कोमा होई, तरण्या बायकांना स्तनाचा कर्करोग होई. १९९० साली त्याचे कारण कळले. पेशीची वाढ आवरणारा एक अंश आईबापाकडूनच बिघडलेला येतो. वेसण तुटलेला बैल जसा उधळतो, तशी पेशी उधळते. अशी घराणी थोडी. पण घरात कोणाला, कोणत्या वयात, कसला कर्करोग झाला, हे डॉक्टरला जरूर सांगावे.

६. दोन रोग, दोन इलाज

लिंफोमावर मुख्य इलाज औषधांचा. तो साऱ्या अंगात असू शकतो, म्हणून औषध रक्तातून सगळीकडे पोचवतात. केस जातात, तोंड येते, मळमळते. केस पुन्हा येतात. औषध चालू असताना ताप आला, तर रात्र काढू नये. लगेच इस्पितळ गाठावे. कारण त्या वेळी अंगातले शिपाई कमी झालेले असतात.

सार्कोमावर मुख्य इलाज ऑपरेशनचा. गाठ एकटी काढून भागत नाही. तिच्याभोवतीचे थोडे चांगले मांसही काढावे लागते. लव्हाळा उपटताना बारकी गाठ मातीत राहिली, तर तो पुन्हा फुटतो. तसेच हे. म्हणून अशी गाठ कोणी तरी घाईने टेबलावर फोडली किंवा अर्धी काढली, तर नुकसान होते. पूर्वी अशा रोगात पाय कापावा लागे. १९८२ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत दिसले, की गाठ नीट काढून किरण दिले, तर पाय राखूनही रोगी तितकाच जगतो. आता बहुतेकांचा पाय राखता येतो.

आबांच्या बाबतीत अडचण होती. आधी कोणता रोग धरायचा? औषध चालू असताना ऑपरेशन केले, तर जखम चिघळते. ऑपरेशनसाठी फार थांबले, तर मांडीची गाठ वाढते. काही औषध दोन्ही रोगांवर चालते, पण त्याचा हृदयावर ताण येतो. ते ठरावीक मापापुढे देता येत नाही.

म्हणून औषधाचे डॉक्टर, ऑपरेशनचे डॉक्टर, किरणांचे डॉक्टर आणि तुकडा तपासणारे डॉक्टर एका जागी बसले. पंचांनी बसून निवाडा करावा तसे. ठरले असे : गळ्याचा रोग आटोक्यात आहे. आधी रक्त सावरू द्यायचे आणि मांडीचे ऑपरेशन करायचे. जखम भरली की उरलेली औषधे. त्यानंतर मांडीला किरण. लोक याला ‘शेक’ म्हणतात. दुसऱ्या रोग्याला हाच क्रम लागू पडेल असे नाही. ज्याचा रोग जसा, तसा त्याचा क्रम.

हे सारे व्हायला वर्ष गेले. एक बैल विकावा लागला. मध्येच आबा म्हणाले, “आता पुरं. मला घरी घेऊन चला.” मावशींनी वही उघडली. आकडे वाचून दाखवले. “बघा, गळा गेला. मांडीची गाठ गेली. राहिल्या बारा खेपा शेकाच्या. पेरणी अर्ध्यावर सोडून तुम्ही कधी उठला हुता का?” आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच रांगेत जाऊन बसले.

आज आबा शेतावर जातात. थोडे लंगडतात. जड ओझे उचलत नाहीत. ठरलेल्या तारखेला तपासायला जातात. रोग पुन्हा उलटणार नाही, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. “उलटला तर लवकर धरू,” एवढे म्हणाले. मावशींची वही अजून चालू आहे.

७. कोणती गाठ दाखवावी?

सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात. बहुतेक नसतातच. गळू असते, चरबीची गाठ असते, अवधाण असते. गळ्यातल्या गाठी आपल्याकडे पुष्कळदा क्षयाच्या असतात. क्षय औषधाने बरा होतो, आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण क्षय आहे की लिंफोमा, हे वरून कळत नाही. तपासल्याशिवाय औषध घेऊ नये.

या गाठी लवकर दाखवा :
तीन आठवड्यांत न बसणारी.
वाढत जाणारी.
मोठ्या लिंबापेक्षा मोठी.
खोल असलेली, न हलणारी.
एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा आलेली.
जिच्यासोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजन उतरणे आहे, ती.

८. कुठे जावे?

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जावे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. ते १९४१ साली सुरू झाले. जवळच दादरला गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परगावचे कर्करोगी आणि त्यांची माणसे तिथे राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक इलाजांचा खर्च सरकार भरते. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. त्याला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. इलाजासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. तिचा कागद इस्पितळातून घ्यावा.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ सालापासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवतात. खेड्यांसाठी अशी नोंद भारतात प्रथम तिथे सुरू झाली. एका माणसाला दोन वेगळे कर्करोग झाले, तर अशा नोंदवहीत माणूस एक, पण नोंदी दोन करतात. मावशींनीही तेच केले होते. गळा वेगळा, मांडी वेगळी.

ध्यानात ठेवा

अंगावरची प्रत्येक गाठ डॉक्टरला दाखवा. लाजू नका.
एका गाठीचा कागद दुसऱ्या गाठीला लावू नका.
एक गाठ कमी होते आणि दुसरी वाढते, असे दिसले तर लगेच सांगा.
गाठ चोळू नका, डागू नका, फोडू नका.
तारीख आणि माप लिहून ठेवा. सारे कागद एका पिशवीत ठेवा.

नवे शब्द

पेशी : अंगाचा सर्वांत लहान भाग.
ग्रंथी : गळा, काख, जांघ इथल्या बारीक गाठी; अंगाच्या चौक्या.
लिंफोमा : ग्रंथींचा कर्करोग.
सार्कोमा : मांस, चरबी यांसारख्या भागांचा कर्करोग.
किरण : रोगट पेशी मारण्यासाठी यंत्रातून दिलेला झोत; शेक.

प्रश्न

१. आबांनी मांडीची गाठ का सांगितली नाही? त्यामुळे काय झाले?
२. मावशींच्या वहीतले आकडे वाचा. त्यांवरून तुम्हाला काय कळते?
३. हरळी आणि लव्हाळा यांत फरक कसा ओळखाल? डॉक्टर दोन गाठींतला फरक कसा ओळखतात?
४. सार्कोमाची गाठ अर्धी काढली, तर काय होईल?
५. तुमच्या घरी कोणी आजारी आहे का? त्यांच्यासाठी एक वही करा. आजची तारीख घाला. पहिली ओळ लिहा.